झुंबरमामाच्या होडीतली दुसरी बॅटरी

बुद्धघोष होडीच्या तळाला पालथा पडून बॅटरीचा नट आवळत हुता. पाना निसटला, बोटाचं सालपट निघालं. त्यानं ते बोट तोंडात घातलं आन दुसऱ्या हातानं आवळायला लागला.

"बैलं दोन घेतलीस आन जुपतोस एकच," वर बसलेला झुंबरमामा म्हनला. "दुसरा काय नुसता गोठ्यात उभा करून वैरण घालायची व्हय?"

"दुसरा घरी यायसाठी हाय, मामा."

झुंबर त्याचा सख्खा मामा. पळसदेवच्या अंगाला उजनीच्या पाण्यात मासं धरायचा. जाळी चोरीला जायला लागली तसा मामा होडीतच मुक्कामाला गेला. वर ताडपत्रीचं छप्पर, खाली अंथरूण, चहापुरता स्टोव्ह, एक बल्ब. बायकू सारजा गावात, ह्यो पाण्यात. त्यात मामाला दमा. सकाळ-सांज वाफेचं मशीन लागायचंच. मशीनला करंट पायजे, इंजन चालू करायच्या सेल्फला बी करंट पायजे, आन बॅटरी एकच. हँडल मारून इंजन चालू करायची ताकद मामाच्या छातीत कवाच उरली नव्हती.

ती एका बॅटरीची वायरिंग बुद्धघोषनंच केलेली. बावड्यात त्याची गाड्यांच्या वायरिंगची टपरी हाय. सिझनला सोमेश्वरनगरला जाऊन उसाच्या ट्रॅक्टरला टेप, स्पीकर, लायटी बसवायचा. तितं बॅटरीची फिकीर कोन करत न्हाय. लागतील तेवढी गाणी वाजवायची, ट्रॅक्टर उताराला लावायचा, सकाळी सोडला की चालू. त्याच डोक्यानं त्यानं होडी बी केली. मग मामा दोनदा पाण्याच्या मधोमध अडकला, दुसऱ्यांनी वढून आणला, तवा ह्याच्या टाळक्यात उजेड पडला. पाण्याला उतार नसतो.

म्हनून आता दोन. मोठी घरची : बल्ब, मोबाईल, वाफ. ती सोलरवर भरायची. दुसरी निस्ती सेल्फची, ती इंजन चाललं की भरायची. अडचणीला जोडता याव्यात म्हनून मधी एक बटन टाकलं. मामानं काय करावं? बटन जोडूनच ठिवलं. आजूबाजूच्या होड्यांचे मोबाईल बी ह्याच्याकडंच चार्जिंगला. आठवड्यात दोन्ही बॅटऱ्या गार.

बुद्धघोष तापला. बटनच उपटून खिशात घातलं.

"ही बॅटरी तुमची न्हाय मामा, इंजनाची हाय. जीव गेला तरी हात लावायचा न्हाय."

"म्हंजी जीव माझा आन बॅटरी इंजनाची," मामा हसला. हसता हसता खोकला. "बरं बाबा. तू वायरमन."

पुढं आभाळ आलं. तीन दिस ऊन न्हाय. चौथ्या दिवशी दिवेलागणीला बुद्धघोषचा फोन वाजला. पलीकडनं आधी नुसती घरघर.

"घोष्या... मशीन फिरंना."

त्याच्या हातातला पाना खाली पडला. बटन तर टपरीच्या फळीवर, डोळ्यासमोर. दोन तारा कशा जोडायच्या ते फोनवर सांगावं तर मामाला धड हुंकार निघंना.

"मामा, ऐका. इंजन चालू करा आन काठाला या. मी गाडी घिऊन येतो."

तो काठाला पोचला तवा होडी दिसत नव्हती, पर इंजनाचा आवाज येत हुता. त्या आवाजानं त्याला पहिल्यांदा रडू आलं. होडी गाळात घुसून थांबली. मामा सुकाणूच्या दांड्यावर पडलेला, ओठ निळं, नखं निळी. इंदापूरला दवाखान्यात नेला. मामा जगला, पर पुन्यांदा पाण्यावर गेला न्हाय. खाटंला ऑक्सिजनची नळी आन हा. बोलणं तुटलं. बुद्धघोष रोज जायचा, पायाशी बसायचा. मामा बघायचा आन डोळं मिटायचा.

बावड्यात चहाच्या हॉटेलावर ट्रॅक्टरवाला सुयोग म्हनला, "भाच्यानं मामाची वाफ कुलपात ठिवली राव. धा मिन्टं मशीन चाललं असतं तर काय बॅटरी मरत हुती?"

त्याचं थोबाड तितंच फोडायचं आम्हा दोस्तांच्या मनात हुतं. बुद्धघोषनंच हात धरला. "खरंच बोलतोय तो," म्हनला. रिकाम्या वेळात ते बटन बोटात फिरवत बसायचा. गिऱ्हाईक आलं तरी मान वर न्हाय.

दिवाळीच्या आधी मामा गेला. पुण्यानुमोदन झालं, माणसं पांगली. मग सारजामामी म्हनली, होडीतलं सामान तरी घिऊन ये. ती होडी त्या सांजंपासून कुणी उघडली नव्हती. अंथरूण गुंडाळताना उशीखाली एक वायर घावली. दोन्ही टोकांना चिमटे, नीट वेटोळं केलेली. त्यानं ती आणून मामीपुढं धरली.

"ही तुला म्हाईत न्हाय?" मामी म्हनली. "तू बटन काढलंस आन दुसऱ्या दिवशी ह्यांनी ती बाजारातनं आणली. रोज दोन्ही बॅटऱ्यांना लावायचे, रोज बल्ब पेटवायचे. तुला सांगायचं न्हाय म्हनून माझ्याकडनं वचन घेतलं हुतं."

"मग त्या दिवशी?"

"बोलणं तुटायच्या आधी दवाखान्यात म्हनले मला. वायर उशाला हुती, हात बी पोचत हुता. पर पोरगं म्हनलं हुतं, दुसरा बैल घरी यायसाठी हाय. म्हनून न्हाय लावली."