नोंद नाही, असं मी सांगितलं

मेधाला वाटतं, त्या दिवशी आम्हा बापलेकांची सहल छान झाली. बारा वर्षं मी माझ्या बायकोला तसंच वाटू दिलं आहे. फोटोही तसेच आहेत — बाबा पांढऱ्या कड्यांपाशी, बाबा होडीत, केशरी जॅकेट घालून. त्या होडीत मी काय केलं ते तिला माहीत नाही. रत्नागिरीला माझी बहीण आहे, तिलाही नाही. तुम्ही पहिले. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून हे सांगणं सोपं जाईल, असं मात्र समजू नका. अनोळखी माणसापुढे बरं दिसायची हौसच मला नडली आहे.

आजोबांपासून सुरुवात करतो. मी त्यांना पाहिलेलं नाही. बाबांनीही नाही — बाबा पोटात असताना ते जहाजावर गेले, ते गेलेच. दुसऱ्या महायुद्धाचा पहिला हिवाळा. लंडनच्या नदीच्या तोंडाशी जहाजाला पाणसुरुंग लागला. आजोबा सव्वीस वर्षांचे होते. कंपनीचं इंग्रजी पत्र गावी पोचायला कित्येक महिने लागले. शाळामास्तरांनी ते वाचून दाखवलं. आणि आमच्याकडे मरणाचं पत्र घरात ठेवत नाहीत — वाचायचं, फाडायचं, अंघोळ करायची. पणजोबांनी तेच केलं. पत्रात तारीख होती, पण ती कुणी लक्षात ठेवली नाही. मास्तर बदलून गेले. त्याच जहाजावरून वाचलेला गावचा एकजण लढाई संपल्यावर परत आला, त्याला एवढंच आठवत होतं, की थंडी होती आणि उजाडायचं होतं.

म्हणून आजोबांना तिथी नाही. ज्याची तिथी माहीत नाही त्याचं श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला करतात. बाबा कळते झाल्यापासून दर भाद्रपदात ते करत आले. ते एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, फार देवदेव करणारे नव्हते. पण एवढी एक गोष्ट त्यांना सलायची. एकदा म्हणाले होते, "अमावास्येला सगळ्यांचीच गर्दी रे. ज्यांचं कुणाला काही माहीत नाही, त्या रांगेत आपला बाप उभा."

पंचाहत्तराव्या वर्षी ते आमच्याकडे लंडनला, स्टॅनमोरला आले, पहिल्यांदा आणि शेवटचे. त्यांना राजवाडा नको होता, मेणाचे पुतळे नको होते. पहिल्याच आठवड्यात म्हणाले, ते पाणी दाखव. आणि जिथून ती लढाई चालवली ती भुयारं आहेत म्हणे, तीही दाखव. मी एका दिवसाची खासगी टूर ठरवली. सकाळी डोव्हरच्या कड्यांतली भुयारं, दुपारी थेम्सच्या मुखाशी होडी. गाडी, गाइड, सगळं फक्त आमच्यासाठी. एक दिवसाची रजा टाकली. मेधाची ड्युटी होती, मुलीची शाळा. आम्ही दोघंच.

गाइड म्हणजे कॉलिन. नौदलातून निवृत्त झालेला, साठीचा, फार सभ्य. बाबांसाठी त्याने पुढच्या सीटवर उशी ठेवली होती. रस्ताभर तो मला विचारत होता — काय करता, किती वर्षं झाली, स्टॅनमोर छान आहे म्हणतात. आणि मी सांगत होतो. जरा जास्तच सांगत होतो. बँकेतलं काम, हाताखाली किती माणसं, मुलीची शाळा कुठली. का सांगत होतो? त्याने तर काहीच मोजायला घेतलं नव्हतं.

भुयारं थंड होती. खडूचा दगड, बाबांनी भिंतीला हात लावला की बोटं पांढरी. एका खोलीत मोठ्ठं टेबल होतं, त्यावर समुद्राचा नकाशा. कॉलिन म्हणाला, इथे बसून जहाजांवर नजर ठेवत. बाबा नकाशावर वाकले. नदीचं तोंड कुठे ते त्यांना सांगावं लागलं नाही, त्यांनी आपणहून तिथे बोट ठेवलं. कॉलिनने ते पाहिलं आणि मला विचारलं, यांचं कुणी होतं का? मी म्हटलं, यांचे वडील. जहाज तिथेच बुडालं. त्याचा चेहराच बदलला. आवाज खाली आला. म्हणाला, जहाजावर ते कोण होते?

मी बाबांकडे वळलो. मला ठाऊक नव्हतं का? तरी विचारलं.

"सांग की, खलाशी होते," बाबा म्हणाले. "डेक धुवायचे, दोर ओढायचे. लाजतोस काय?"

मी इंग्रजीत सांगितलं, डेक ऑफिसर होते.

हे इतकं सहज झालं की झालं तेव्हा कळलंही नाही. कॉलिनने मान लववली. मला फार बरं वाटलं. हे लिहायला जड जातंय, पण वाटलं खरं.

तुम्ही म्हणाल, बाबांना काय कळणार? चाळीस वर्षं एस.टी.त काढलेल्या माणसाला ऑफिसर हा शब्द कळत नाही? मग वाटेत एका पबमध्ये जेवायला थांबलो — कॉलिन बिल द्यायला उठला, आणि बाबा चिप्सवर मीठ टाकत म्हणाले, "पंचाहत्तर वर्षांनी का होईना, बढती मिळाली म्हाताऱ्याला."

"बाबा, त्याला समजायला सोपं जावं म्हणून म्हटलं."

"होय रे. कंडक्टरला आम्हीही साहेब म्हणायचो, गाडी सुटायला हवी असली की." आणि हसले. खरोखर हसले. त्यांच्या बाजूने ती गोष्ट तिथे संपली होती.

हे नीट लक्षात ठेवा, कारण मीही ठेवलं आहे. माझं पहिलं खोटं त्यांनी पकडलं होतं आणि सोडूनही दिलं होतं. होडीत बसलो तेव्हा बाबांपासून लपवायचं असं माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं.

दुपारी ओहोटी होती. दोन्हीकडे चिखलाचे पट्टे, मधून करडं पाणी, पाय बुडवून उभे असलेले पक्षी. बाबा म्हणाले, ही तर आपली खाडीच रे. फक्त माडांच्या जागी गवत. होडीवाल्याने इंजिन बंद केलं. बाबांनी खिशातून औषधाच्या गोळ्यांची एक जुनी डबी काढली, त्यात घरून आणलेले काळे तीळ होते. ते तळहातावर घेतले, वाकून पाणी घेतलं, अंगठ्याच्या बाजूने सोडलं. तीनदा. नाव घेतलं. गोत्र सांगितलं. मग थांबले — तिथी यायची ती जागा असावी — आणि हात पुसला.

कॉलिनने टोपी काढली होती. थोडा वेळ गेल्यावर त्याने मला हळू आवाजात विचारलं, काय चाललं होतं? मी सांगितलं. तिथीचंही सांगितलं. का सांगितलं? मला वाटतं, तो पुन्हा सकाळसारखा हळवा व्हावा म्हणून.

तो म्हणाला, पण तारीख तर मिळेल. व्यापारी जहाजांवर मेलेल्यांच्या नोंदी चांगल्या ठेवल्या आहेत. हिंदुस्थानातल्या माणसांच्याही. माझा एक मित्र हेच काम करतो. मला नाव द्या आणि जहाज सांगा. ऑफिसर असतील तर आणखी सोपं. उद्या संध्याकाळपर्यंत मी तुमच्या वडिलांना तारीख सांगतो.

बाबांना शब्द कळले नाहीत, पण माणूस काहीतरी देऊ करतोय हे कळलं. त्यांनी शर्टाच्या आतल्या खिशातून कागद काढला. आजोबांच्या जहाजावरच्या नोकरीच्या, घरी राहिलेल्या जुन्या पुस्तकाचं पहिलं पान, त्याची झेरॉक्स, प्लॅस्टिकमध्ये घालून घेतलेली. नाव, गाव, नंबर, अंगठा. आणि हुद्दा. तो इंग्रजीतच होता, कॉलिनला वाचता आला असता. त्यांनी तो पुढे केला.

मी त्यावर हात ठेवला. म्हटलं, "ठेवा बाबा, भिजेल."

"काय म्हणतोय तो? तारीख मिळेल म्हणतोय?"

"नाही. वाईट वाटतं म्हणतोय. त्या वेळच्या खलाशांची नोंदच नाही ठेवलेली."

"कुठेच नाही?"

"कुठेच नाही."

आणि कॉलिनकडे वळून, त्याच दमात, इंग्रजीत — वडील तुमचे आभार मानतात, पण म्हणतात, आता नको. इतक्या वर्षांनी त्यांना ते कळायला नको आहे.

दोन माणसं, दोन भाषा, मध्ये मी. दोघांनीही माझ्यावर विश्वास ठेवला. ठेवणार नाहीत तर काय करतील? कॉलिनने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, मी समजू शकतो. बाबांना वाटलं तो सांत्वन करतोय. त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि थँक्यू म्हणाले. तीन-चारदा म्हणाले.

कागद परत खिशात गेला. परतीच्या वाटेवर बाबांना झोप लागली.

कशासाठी केलं? मी स्वतःला विचारलं नसेल असं वाटतं का? ज्या माणसाला मी पुन्हा कधी भेटणार नव्हतो, त्याने मला खोटारडा म्हणू नये म्हणून. तो म्हणालाही नसता. कागद वाचून फार तर एक क्षण माझ्याकडे पाहिलं असतं. त्या एका क्षणाची किंमत मी बापाकडून वसूल केली.

इथवर भ्याडपणा म्हणता येईल. पुढचं तेही म्हणता येत नाही.

पुढच्या मंगळवारी कामावर जाताना, भुयारी रेल्वेची ज्युबिली लाइन फिंचली रोडपर्यंत जमिनीवरून धावते तेवढ्यात, मी फोनवर शोधलं. युद्धात मेलेल्यांच्या नावांची वेबसाइट आहे, कुणालाही उघडता येते. आजोबांचं नाव इंग्रजीत तीन वेगवेगळ्या प्रकारे लिहून पाहिलं, तिसऱ्याला सापडलं. नाव. वय सव्वीस. खलाशी. जहाज. तारीख. खाली बायकोचं नाव — माझ्या आजीचं — आणि आमच्या गावाचं. शेवटी, यांचं नाव कुठे आहे तर मुंबईत, गोदीजवळ, खलाशांच्या स्मारकाच्या नोंदवहीत.

मुंबईत. बाबा माझ्या बहिणीच्या बाळंतपणाला मुंबईला गेले होते, डोळ्यांच्या ऑपरेशनला गेले होते, माझ्या व्हिसाच्या वेळी माझ्याबरोबर आले होते.

ऑफिसात पोचल्यावर जुनं पंचांग देणारी दुसरी वेबसाइट उघडली आणि त्या तारखेची तिथी काढली. पहाटेची वेळ म्हणून दोनदा तपासली. इतक्या काळजीने.

संध्याकाळी घरी गेलो. बाबा मागच्या बागेत खुर्ची टाकून बसले होते, मेधाने कुंडीत लावलेल्या मिरचीला पाणी घालत. "आलास?" म्हणाले. मी "आलो" म्हणालो.

ते आणखी सहा आठवडे आमच्या घरात होते. सहा आठवडे. समोर बसून जेवत होते. सांगायचं काय होतं — बाबा, शोधलं, मिळालं. बस. होडीतलं खोटंही कबूल करायची गरज नव्हती. कुठेतरी सापडलं, एवढं पुरलं असतं. ते मला तेव्हा सुचलं नाही असं नाही. पण मग ते म्हणाले असते, कॉलिनला फोन करून सांग, बिचाऱ्याला वाईट वाटलं होतं. ते असे होते. आणि मी रोज म्हणायचो, उद्या. मग ते विमानात बसले.

नंतर तीन वर्षं ते होते. तीन सर्वपित्री. दर वेळी संध्याकाळी फोन — केलं रे, अमावास्येला, कावळा लगेच शिवला. दुसऱ्या वर्षी म्हणाले, "त्या साहेबाने खरं ते सांगितलं हे बरं झालं. आता शोधायचं डोक्यातून गेलं." मी फोनवर काय म्हणालो माहीत आहे? म्हणालो, "हो ना."

ते गेले तेव्हा मी दुसऱ्या दिवशी पोचलो. बाराव्याला भटजींनी बाबांच्या वडिलांचं, आजोबांचं, पणजोबांचं नाव विचारलं, त्या तिघांच्या पिंडांत बाबांचा पिंड मिसळायचा असतो म्हणून. मी तिन्ही नावं नीट सांगितली. आजोबांची तिथी कुणी विचारली नाही. बहिणीने बाबांच्या कपाटातला तो प्लॅस्टिकमधला कागद माझ्या हातात दिला. म्हणाली, तुझ्याकडेच असू दे, तूच तर किती केलंस त्यांच्यासाठी, तिथवर घेऊन गेलास. मी तो घेतला.

बाबांची तिथी मी पाळतो. हॅरोचे एक गुरुजी येतात, मेधा सगळं करते. आजोबांचं अजूनही अमावास्येलाच होतं, कारण वेगळ्या दिवशी केलं तर मेधा विचारेल, ही तिथी कुठून आली, आणि कधीपासून माहीत आहे.

ती तिथी मला पाठ आहे. दर वर्षी येते. त्या दिवशी मी कामावर जातो. इथे ती लिहिलेली नाही. ज्याला सांगायची होती त्याला सांगितली नाही; तुम्हाला सांगून काय करू?