अंद्रियाचं नाव

एकोणसत्तरच्या जूनमध्ये नेसरीच्या स्टँडवर आईनं माझ्या हातात भाकरीचं गाठोडं दिलं आणि माझ्या गीतांच्या पुस्तकात घातलेली चिठ्ठी उघडून दाखवली. "नाव घेतल्याबिगर घास तोंडात घालायचा न्हाय. तो बी घरापासनं लांब हाय, तुज्यासारखा." गाडी गडहिंग्लजकडे निघाली तेव्हा ती हात न हलवता उभी होती.

नेसरीतल्या मंडळीला ही चिठ्ठी कसली ते सांगायला नको. बाहेर पडलेल्यांच्या मुलांसाठी सांगतो. आपली ख्रिस्ती कुटुंबं अकरा. परदेशात विश्वासापायी तुरुंगात पडलेल्यांची नावं पाळकसाहेबांकडे येत आणि त्यांनी दर घराला एक नाव वाटून दिलं होतं. आमची चिठ्ठी त्रेसष्टची. अंद्रिया, सुतार, वय एक्कावन्न, दोन मुली. घरात उपासना घेतली म्हणून कैद. देश थंडीचा. आई रोज संध्याकाळी जेवणाआधी त्याच्यासाठी प्रार्थना करी आणि शेवटी ठरलेलं वाक्य येई, "आणि त्याच्या पायास्नी ऊब दे." तोवर आमटी निवायची. आम्ही भावंडं डोळे मिटून नुसत्या वासावर ताटात काय आहे ते ओळखायचो.

शिरोलीला फौंड्रीत इन्स्पेक्शनला लागलो. कास्टिंगला गेज लावायचा, मापात नसेल तर रिजेक्ट. पुढं लग्न, दोन खोल्या, दोन मुलं. चुलीच्या जागी गॅस आला, पाटाच्या जागी टेबल. अंद्रियाचं नावही त्या टेबलावर आलं; सात वर्षं मी ते रोज घेतलं.

शहात्तरच्या ईस्टरला मी आकडेमोड केली. अंद्रिया आता चौसष्टचा. तेरा वर्षं तुरुंग, तसली थंडी आणि बातमी एकही नाही. माणूस जिवंत नसणार. मेलेल्यांसाठी आपल्यात प्रार्थना करत नाहीत, आणि देवासमोर चुकीचं बोलायचं नाही. मी चिठ्ठी मिटून ठेवली. आकडे बरोबर होते. पण खरं सांगायचं तर मला कंटाळाही आला होता. बायको म्हणाली, "आधी आईंना विचारा की." मी विचारलं नाही, नुसतं कळवलं.

आईचं कार्ड आलं. "मेल्याचं कुणी सांगितलं तुला? तू काय देवाचा तलाठी हायस व्हय, नावं कमी करायला?"

ती स्वतः घेत राहिली. अठ्ठ्याहत्तरच्या डिसेंबरात ती गेली. दफनानंतर जेवायला बसलो तेव्हा सगळे क्षणभर थांबले. मी थोरला. मी नुसतं आमेन म्हटलं आणि वाढप सुरू झालं.

एक्क्याऐंशीत पाळकसाहेबांचं पत्र आलं. अंद्रिया नुकताच, गेल्या डिसेंबरात, तुरुंगातच वारला होता. त्याच्या मुलीनं कळवलं होतं की ती भेटीला गेली की तो सांगायचा, संध्याकाळचा पाव हातात घेतला की मी जरा थांबतो. कुठंतरी कुणीतरी आत्ता माझं नाव घेत असेल.

आई गेल्यापासून तो जाईपर्यंत दोन वर्षं. ऐंशी लीप वर्ष, म्हणून सातशे एकतीस संध्याकाळी तो पाव हातात धरून थांबला, आणि आमच्यापैकी त्याचं नाव घेणारं कोणी नव्हतं. फौंड्रीत चुकून रिजेक्ट केलेला पीस परत आणून मोजता येतो.

त्याचा चेहरा मला ठाऊक नाही. हात दिसतात, सुताराचे. मी टेबलाशी बसलो की समोर ते पाव धरून थांबलेले असतात आणि मी आधी खाल्लेलं त्यांना चालत नाही.

गाव कोणतं असं विचारलं की मी अजून नेसरी सांगतो. पण आईमागं तिथं पाटावर बसलो की मी पावणा असतो, भावजय आग्रह करून वाढते. आणि इथं बारा वर्षं राहूनही या दोन खोल्यांना मी कधी घर म्हटलं नव्हतं. त्यांत काय कमी होतं ते मीच चिठ्ठीत मिटून ठेवलं होतं.

मी पाळकसाहेबांकडे दुसरी चिठ्ठी मागितली. आता रोज टेबलाशी आम्ही चौघं थांबतो, भाजी निवते, धाकटी एक डोळा उघडून वाटीत बघते. ओरडावंसं वाटत नाही. या वेळची एक बाई आहे, शाळेत शिकवणारी. हवं तर वय मागवून घेतो, असं पाळकसाहेबांनी खाली लिहिलं होतं.

नको म्हणून कळवलं.