बेलाची जंताची दवा

पासष्टची लढाई लागायच्या थोडं आधीची गोष्ट. अकोल्याजवळच्या पेट्रोल डेपोवर मी बायकांच्या रक्षक तुकडीत होते. खाकी साडी, काठी, शिट्टी. हसू नका बरं, हजेरीचं फॉलइन आम्हालाही सकाळी सहालाच असे! कामावर येणाऱ्या बायांची झडती फाटकावर आम्हीच घ्यायचो.

डेपोवर बेला नावाची अल्सेशियन कुत्री होती. तिला सांभाळणारा हँडलर लान्सनायक सुखदेव, आमच्या वलगावचा. बाहीवर लान्सनायकची फीत लागली तेव्हा त्याची माय गावभर सांगत फिरली होती.

बेलाला जंत झाले. हिरड्या पांढऱ्या पडल्या. जनावरांचे डॉक्टरसाहेब जीपने आले, कॅप्सूल दिल्या, आमच्या कॅप्टनसाहेबांशी इंग्रजीत बोलले आणि निघून गेले. कॅप्टनने फाटकावर, माझ्यासमोर, सुखदेवला एवढंच सांगितलं, "उद्या पाच वाजता. दोन."

"जी साब."

पहाटे पाहते तर हा भाकरी तुपात कुस्करून राहिला. तूप मायनं पाठवलेलं.

"काहून रे, एवढे लाड?"

"ताई, दवा गरम असते. तुपाबिगर देली तं आतडे जळतीन तिचे."

"मले नाई कधी तुय्या घरी एवढं तूप भेटलं!"

"तुमाले जंत झाले तं सांगजा."

आमच्याकडे लेकरांनाही कडक दवा तुपातच देतात. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

सात वाजता बेला दारू प्यायल्यासारखी झुलू लागली. उलटी झाली. मागचे पाय गेले. कॅप्टनने ऑपरेटरला सांगून वायरलेसवर डॉक्टरांना गाठलं. मी दारातच उभी होते.

"डॉग सिक. ओव्हर."

"तूप, दूध, काही दिलं का? ओव्हर."

कॅप्टनने वळून पाहिलं. सुखदेव म्हणाला, "साब, तूप दिया."

"तुम्हाला बजावलं होतं. तुपाबरोबर ती दवा रक्तात चढते. ओव्हर."

कॅप्टनने सुखदेवकडे पाठ फिरवली. मग, "रॉजर. आउट."

तिसऱ्या दिवशी बेलाचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. दुपारी सुखदेवच्या मांडीवर तिनं मान टाकली.

चौकशीत कॅप्टन म्हणाले, हुकूम दिला होता, जवानाने मोडला. सुखदेव म्हणाला, "मले कोणी सांगितलंच नाई, साब." वायरलेस ऑपरेटरने मान वर केली नाही. मी जे ऐकलं ते सांगायला पुढे झाले.

"बाई, तुम्ही फाटक सांभाळा," चौकशीचे साहेब म्हणाले.

सुखदेवची फीत उतरवली. बेलाला पुरताना कॅप्टनने कडक सॅल्यूट ठोकला.

पुढे सुखदेवला सरहद्दीवर धाडलं. लढाई लागली. तो परतला नाही.

वलगावात त्याच्या नावाचा दगड बसवला. त्यावर कोरलंय, सिपाही सुखदेव. फीत गेल्याचं त्यानं घरी कळवलंच नव्हतं, आणि मायला वाचता येत नव्हतं. मी गावी गेले की ती मला हात धरून तिथं नेई. अक्षरांवर बोट फिरवी.

"काय लिवलं वं पोरी?"

"लान्सनायक सुखदेव, मावशी."