काट्यावर उभी गाडी

पाहणीचा अहवाल दोन पानांचा होता. त्यातली मापं बरोबर होती, नकाशा बरोबर होता, सिग्नलचे आकडे बरोबर होते. चूक तारखेत होती. तारीख खोटी नव्हती, मीच लिहिली होती आणि खाली सहीही माझीच होती.

भिलाईजवळ जामुलच्या रस्त्याला एक यार्ड आहे. तिथे राख आणि स्लॅग, म्हणजे भट्टीतला मळ, वाहणाऱ्या गाड्या येतात, काट्यावर चढतात, वजन होतं, पावती निघते, गाडी उतरते. काटा म्हणजे अख्खी गाडी मावेल एवढा जमिनीच्या पातळीवर बसवलेला लोखंडी प्लॅटफॉर्म. त्याला लागून एक बसकी केबिन आणि केबिनमध्ये एक कॉम्प्युटर. पावती तयार करणारा सर्व्हर मात्र यार्डच्या दुसऱ्या टोकाला, ऑफिसात. केबिनमधलं वजन तिथपर्यंत पोहोचवणारं नेटवर्क आखण्याचं काम आमच्या लहानशा कंपनीला मिळालं आणि मालकांनी ते माझ्याकडे दिलं.

त्याआधी मी पाच वर्षं एका हिंदी दैनिकात होते, आधी बातमीदार, मग डेस्कवर. ब्युरोतले कॉम्प्युटर कोणी बघत नव्हतं म्हणून मी बघू लागले, आणि पुढे तेच माझं काम झालं. दैनिकात पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की घटना घडते तिथे जायचं, ती घडत असताना जायचं, आणि तिथे रोज असणाऱ्या माणसाला विचारायचं. नेटवर्कच्या धंद्यात आल्यावरही मी हे पाळत होते. या यार्डच्या वेळी पाळलं नाही.

केबिन ते ऑफिस अंतर दोनशे मीटरच्या आसपास. तांब्याची केबल शंभर मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही. जमिनीखालून फायबर न्यायची तर काँक्रीटचा रस्ता कापावा लागला असता आणि तेवढे दिवस गाड्या थांबवायला यार्डचे मॅनेजर तयार नव्हते. वरून तार ओढली तर माल ओतल्यावर डाला, म्हणजे मागचा हौदा, खाली न करताच निघालेला एखादा टिपर ती तोडणार हे नक्की. उरलं वायरलेस. एक अँटेना ऑफिसच्या भिंतीवर, दुसरा केबिनच्या छतावर, दोन्ही समोरासमोर.

पाहणीसाठी मी विश्वकर्मा पूजेचा दिवस निवडला. भिलाईत त्या दिवशी यंत्र चालवत नाहीत. ते धुतात, पुसतात, त्याला हार घालतात. यार्ड रिकामं असणार, मधे गाड्या नसणार, मला निवांत मोजता येणार, एवढाच विचार केला. रिकाम्या यार्डात मोजणं सोपं असतं. ते सोपं का असतं, याचा विचार केला नाही.

केबिनमध्ये पन्नाशीची एक बाई वजनाच्या डिस्प्लेला झेंडूचा हार घालत होती. कीबोर्डवर कुंकू लावून झालं होतं. ड्रायव्हर तिला काटेवाली दीदी म्हणत. बाबांचा फोन आला आणि मी त्यांना जेवून घ्यायला सांगितलं, तसं तिने वळून पाहिलं.

"मराठी हाय का तुमी? कोन्त्या गावच्या?"

"बाबा आर्वीचे. प्लांटमध्ये क्लार्क होते. आता बोरसीला असतो आम्ही."

"मी तुमसरची. आमचे हे रेल्वेत, दुर्गले." तिने माझ्या हातावर बुंदी ठेवली. "पन मॅडम, आज तर काटाच बंद हाये. आज काय पाहून राहिल्या? उद्या या ना, गाड्या राहतीन तवा."

"गाड्या नाहीत तेच बरं आहे, काकू. लवकर होईल."

ती हसली. "बरं बाई. शिकेल मानसं तुमी."

सिग्नल उत्तम आला. अहवालात मी तसंच लिहिलं. आठवड्याभरात अँटेना बसले आणि काम चालू झालं.

चार महिन्यांनी मालकांनी मला आमच्या ऑफिसात बोलावलं आणि एक यादी समोर सरकवली. काट्यावरून आलेली वजनं मशीनमधून थेट जातात. ती गेली नाहीत तर ऑपरेटर हाताने टाइप करू शकते, आणि मग त्या नोंदीपुढे 'मॅन्युअल' असा शब्द आपोआप येतो. यादीभर तो शब्द होता, आणि प्रत्येक नोंद त्या बाईंच्या लॉगिनवरून झाली होती. यार्डच्या मॅनेजरचं म्हणणं होतं की ती ड्रायव्हरांशी मिळून वजनं बदलते. त्यांनी तसं हेड ऑफिसला कळवलंही होतं. आता त्यांना आमच्याकडून एक ओळ हवी होती: नेटवर्क निर्दोष आहे, हाताने नोंद करण्याचं कोणतंही तांत्रिक कारण नव्हतं.

"तुम्हारी ही सर्वे रिपोर्ट है," मालक म्हणाले. "सिग्नल फुल. एक लाइन लिखो और साइन करो."

मी यादी वाचायला मागितली. डेस्कवरची सवय, शेवटपर्यंत वाचल्याशिवाय सही नाही. तिसऱ्या पानावर लक्षात आलं की हाताने केलेल्या सगळ्या नोंदी बल्करच्या होत्या. बल्कर म्हणजे राख वाहणारी, उंच, बंद लोखंडी टाकी असलेली गाडी. टिपरची एकही नोंद त्यात नव्हती. बल्कर एकाच वाहतूकदाराचे, म्हणून मॅनेजरला त्यात संगनमत दिसत होतं. मला दुसरंच काही दिसू लागलं होतं.

त्याच दुपारी यार्डात गेले. काटेवाली दीदी मला पाहून उठली नाही.

"आता कावून आल्या? पंचनामा कराले?"

"काकू, वजन कधी अडकतं?"

"चार महिने सांगून राहिली मी. टँकर चढला का अडकते, उतरला का चालू होते. तुमच्या हापिसात फोन केला का तिकडून पोट्टा म्हने, दीदी, बंद करके चालू करो. बंद करून चालू करेपर्यंत टँकर उतरून जाये. मंग चालूच राहन ना ते! तो म्हने, देखा, ठीक हो गया."

मी आमच्या तक्रारींच्या नोंदी तिथूनच उघडल्या. केबिनमधून आलेल्या प्रत्येक कॉलपुढे एकच शेरा होता: रीस्टार्ट केल्यावर ठीक.

"आणि हाताने टाकायला कोणी सांगितलं?"

"साहेबानंच. लाइन नहीं रुकनी चाहिए, हाथ से डाल दो. आता तोच म्हनते मी चोट्टी." तिने डिस्प्लेवरची धूळ पदराने पुसली. "अकरा वर्सं झाली या खुर्चीवर. आजपर्यंत कोनी असं बोललं नाई मले. आठ दिवसांत काढतो म्हनते."

मी केबिनच्या दारात उभी राहिले. छतावरचा अँटेना माझ्या डोक्यावर चार हातांवर होता. समोर काटा, काट्यापलीकडे यार्ड, यार्डच्या टोकाला ऑफिसची भिंत. एक बल्कर काट्यावर चढला आणि मला ऑफिस दिसेनासं झालं. अँटेनालाही दिसेनासं झालं असणार. टिपर दोन अँटेनांमधल्या रेषेच्या खालून जात होते, बल्कर नेमका मधे येत होता. पूजेच्या दिवशी काट्यावर काहीच नव्हतं.

उपाय लहान होता. छतावर चार मीटरचा पाइप उभा करून अँटेना त्यावर चढवायचा, तसंच ऑफिसच्या बाजूला. तासा-दोन तासांचं काम. मी मालकांना फोन करून सगळं सांगितलं.

"तो आज शाम को पाइप लगवा दो. चुपचाप. और वो लाइन भी साइन कर दो, क्लाइंट नाराज़ नहीं होना चाहिए."

"पाइप आज लागला तर उद्या सगळं सुरळीत चालेल, सर. मग अडत होतं हे सिद्ध कशावरून करणार?"

"करना किसको है?"

मी म्हटलं, मला करायचं आहे. पाइप आज लागणार नाही आणि ती ओळ मी लिहिणार नाही. त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी बोरसीला घरी बाबांना सांगितलं. पस्तीस वर्षं त्यांनी प्लांटच्या ऑफिसात फायली सांभाळल्या. दुसऱ्याच्या बाजूने बोलायला ते सहसा जात नाहीत, माझ्याही नाही.

"त्या बाईचं काम जाईल," मी म्हटलं.

"तिचं मंग पाहू. पयल्या कागदावर सही कोनाची हाये?"

"माझी."

"तुही सही हाये त तूच खोडाची. मले काय पुसून राहिली?" आणि त्यांनी भाजी वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मी यार्डात पोहोचले. मॅनेजरना केबिनपर्यंत यायची विनंती केली. ते म्हणाले, वेळ नाही, गाड्यांची लाइन आहे, जो टेस्ट करना है रविवार को करो. रविवारी यार्ड बंद असतं. रिकाम्या यार्डातली एक चाचणी माझ्या नावावर आधीच होती. तसं मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान खाली घालून समोरचे कागद चाळायला सुरुवात केली.

मी परत केबिनमध्ये आले. काट्यावर बल्कर उभा होता. स्क्रीनवर गोल फिरत होतं, वजन जात नव्हतं. नेहमी अशा वेळी ती आकडा हाताने टाइप करायची आणि हिरवा दिवा द्यायची. हिरव्या दिव्याशिवाय काट्यावरून गाडी उतरत नाही, हा यार्डचा नियम आहे.

तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"काकू?"

"हातानं नाई टाकत मी आता. मशीन टाकन तवाच दिवा."

"मशीन नाही टाकणार. गाडी उभी आहे तोवर नाहीच टाकणार."

"मले माहीत हाये," ती म्हणाली. "त्यायले माहीत होऊ दे."

ड्रायव्हर खिडकीतून डोकावला. "दीदी, आज क्या सुला के भेजोगी?"

"चाय पी ले भैया. टाइम है."

मागच्या टिपरने हॉर्न दिला, मग त्याच्या मागच्याने. काही वेळात लाइन फाटकाबाहेर जामुलच्या रस्त्यावर गेली आणि बाहेरच्या गाड्यांचे हॉर्न त्यात मिसळले. मी तिला थांबवलं नाही. हे इथे स्पष्ट लिहून ठेवते, कारण पुढे मालकांनी विचारलं होतं की हे माझं डोकं का. डोकं तिचं होतं. मी शेजारच्या स्टुलावर बसून लॅपटॉपवर दोन्ही अँटेनांमधला संपर्क तपासत होते. उत्तर शून्य येत होतं.

मॅनेजर पायीच आले, घामाघूम. "गाड़ी छोड़ो! पागल हो क्या?"

"वजन नहीं जा रहा साहब. आप ही भेज के दिखाओ," असं म्हणून ती खुर्चीवरून उठली आणि खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

ते बसले. बटण दाबलं, पुन्हा दाबलं. मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला आणि दाराबाहेर बोट केलं. बल्करची टाकी होती, त्यापलीकडे काही दिसत नव्हतं. "आता हिला फक्त हिरवा दिवा देऊ द्या," मी म्हटलं, "आणि स्क्रीनकडे बघा."

तिने आकडा कागदावर टिपून दिवा दिला, बल्कर उतरला. फिरणारं थांबलं, संपर्क परत आला. टिपर चढला, वजन गेलं, पावती निघाली. त्याच्यामागे बल्कर होता. तो चढताच पुन्हा सगळं ठप्प. मॅनेजरनी रुमाल काढून मान पुसली.

"ठीक है, समझ गया. हाथ से डालो और छोड़ो इसको."

"हातानं टाकलं का मी चोर होतो," ती माझ्याकडे पाहत मराठीत म्हणाली. मग त्यांच्याकडे वळून: "लिखकर दो."

मी कागद घेतला. वेळ, ठिकाण, उपस्थित कोण, काय पाहिलं. बल्कर काट्यावर असताना संपर्क तुटतो. हाताने केलेल्या नोंदी याच कारणाने आणि यार्डच्या सूचनेनुसार झाल्या. मूळ पाहणी काम बंद असलेल्या दिवशी केल्यामुळे ही गोष्ट लक्षात आली नाही, ती चूक पाहणी करणाऱ्याची आहे. खाली माझी सही. त्यांनी 'सूचनेनुसार' या शब्दावर बोट ठेवलं आणि तो काढायला सांगितला. मी नाही म्हटलं. बाहेर हॉर्न चालूच होते आणि दिवा लाल होता. त्यांनी सही केली. मग तिने आकडा टाइप केला आणि दिवा हिरवा केला.

मालकांनी त्या कागदावर शेवटचं वाक्य बदलायला सांगितलं. 'चूक' ऐवजी 'परिस्थितीत बदल'. परिस्थितीत बदल झाला नव्हता, बल्कर पहिल्या दिवसापासून येत होते. मी वाक्य तसंच ठेवलं आणि प्रत यार्डच्या हेड ऑफिसला पाठवली. ते काम माझ्याकडून काढून घेतलं गेलं, पाइप दुसऱ्याने बसवला. महिन्याभराने मी ती नोकरी सोडली. आता सिव्हिक सेंटरला एका दुकानाच्या वर दोन टेबलांची माझी जागा आहे. पाहणीच्या फॉर्मवर मी पहिला रकाना घातला आहे: आज काम चालू आहे का? नसेल तर मी परत येते. लोक कुरकुरतात, दोन फेऱ्या कशाला म्हणतात. मी परत येते.

तिची खुर्ची राहिली. माफी कोणी मागितली नाही, तिनेही त्याची वाट पाहिली नाही. पुढच्या विश्वकर्मा पूजेच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला.

"उद्या बुंदी खाले ये पोरी," ती म्हणाली. "पन हात हालवत ये. ते मोजाचं मशीन घरीच ठेव."