चेमाने मला बसवलं

चेमा फुटबॉलच्या सरावाच्या वेळी चेंडूकडे बघायचाच नाही. सिंगापुरात सेम्बावांगच्या मैदानावर आम्ही जीव खाऊन चेंडूमागे धावत असायचो आणि हा स्पॅनिश गडी कमरेवर हात ठेवून भलतीकडेच बघत उभा. पहिल्या दिवशी मला वाटलं, ह्याला आणून आपण फसलो. विचारलं तेव्हा मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "चेंडू सगळ्यांनाच दिसतो. मोकळा कोण आहे, ते मी बघतो."

आमची जहाजदुरुस्तीची कंपनी. कामावर मी चीफ इंजिनिअर, शिवाय कंपनीच्या स्पोर्ट्‌स क्लबचा सेक्रेटरी. चेमाला प्रशिक्षक म्हणून नेमलं मीच. तरुणपणी तो स्पेनमधल्या एका मोठ्या क्लबात मधल्या फळीत खेळायचा. एका सामन्यात कर्णधार हात वर करून चेंडू मागत होता. ह्याने तो दुसऱ्यालाच दिला. गोल झाला, तरी हंगाम संपताच क्लबाने ह्याला नारळ दिला. मग लहान क्लब, त्याहून लहान क्लब, शेवटी सिंगापूर. इथे गुडघा गेला आणि तो शिकवायला लागला.

"कर्णधारालाच दिला असतास तर?" मी एकदा विचारलं.

"गोल झाला होता," तो म्हणाला.

आमचा संघ निम्मा मराठी. रत्नागिरीची, नाशिकची पोरं, सगळी माझ्या हाताखालची. तिसऱ्या आठवड्यात चेमाने शिट्टी मारून खेळ थांबवला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "दर वेळी चेंडू ह्या माणसाकडे का जातो? हा चांगला खेळतो?"

शेवटी भोसले नावाचा ज्युनिअर इंजिनिअर बुटांकडे बघत म्हणाला, "नाही, कोच. ते चीफ आहेत."

खरंच होतं ते. पन्नाशीचा मी, पोट सुटलेलं, गोलासमोर उभा राहायचो आणि पोरं मान राखून चेंडू आणून द्यायची. मला आपलं वाटायचं, जागा हेरण्यात आपला हात कोणी धरणार नाही.

कंपन्यांच्या स्पर्धेत उपांत्य सामन्याच्या मध्यंतराला त्याने मला सगळ्यांदेखत बाहेर काढलं. मी त्याला बाजूला घेऊन हळूच म्हणालो, "तुझ्या नव्या कराराचा कागद माझ्या टेबलावर आहे."

"टेबलावर तू चीफ," तो म्हणाला. "इथे तो बाक. बस, लाह." वाक्याच्या शेवटी हा सिंगापुरी 'लाह' लावायला तो इथेच शिकला होता.

सामना आम्ही हरलो. सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला.

कागद तसाच पडून राहिला. करार नाही म्हणजे वर्क पास नाही, आणि महिनाअखेर चेमाला देश सोडावा लागणार होता. हे त्याला ठाऊक होतं. तरी दर रविवारी तो वेळेवर यायचा, पोरांना पिदडायचा, आणि कागदाचं नावही काढायचा नाही. मी मात्र तो कधी विचारतोय याची वाट बघत होतो.

आला तो भोसले. "सर, कोचच्या कागदावर सही राहिलीय."

"बघू," मी म्हणालो. माझ्या केबिनमध्ये या शब्दानंतर माणसं निघून जातात. हा गेला नाही.

"बघू नका सर, करा. तुम्ही चुकताय."

मी भडकलो, त्याला घालवून दिलं. दार लागलं तशी माझी मलाच शरम वाटली. बुटांकडे बघून बोलणारं हे पोर माझ्या डोळ्यांत बघून बोललं होतं, आणि ज्याने ते घडवलं त्यालाच मी हाकलायला निघालो होतो. मी सही केली.

रविवारी कागद घेऊन मैदानावर गेलो. खेळायचे बूट घालूनच गेलो. चेमाने सही पाहिली, घडी घालून कागद खिशात ठेवला.

"निदान थँक यू तरी म्हण," मी म्हणालो.

"सही केलीस, चांगलं केलंस. नसती केलीस तरी आज तू बाकावरच होतास."

मी मुकाट्याने जाऊन बसलो. पुढे दोन वर्षांनी तो व्हिएतनामला गेला, तोवर बसूनच होतो.