काकाने न उकरलेली जागा

आमच्या काकाला सगळे कानसेन म्हणायचे आणि ते त्याच्या डोक्यात गेलं होतं. जन्मभर रेडिओ दुरुस्त केले, उतारवयात धातू शोधायचं यंत्र घेतलं. कानांवर हेडफोन चढवून मैदानंच्या मैदानं पालथी घालायचा. आवाज आला की उकरायच्या आधीच सांगायचा, "खिळा!" आणि खिळाच निघायचा. आवाज एकट्या त्यालाच ऐकू यायचा, त्यामुळे शब्दही त्याचाच शेवटचा.

आत्याची अंगठी हरवली ती आमच्या परसात. चादरी पिळताना तिनं ती काढून आईकडे दिली होती. आईनं नळाजवळच्या कट्ट्यावर ठेवली, एवढंच आईला आठवत होतं.

"मग काय पाय फुटले तिला?" आत्या म्हणाली.

आईचा चेहरा उतरला. तिनंच काकाला बोलावून घेतलं.

काका यंत्र फिरवतोय, आई मागे मागे. कपड्यांच्या दोरीखाली तो थबकला. आईनं त्याच्या खांद्याला हात लावला, तेव्हा त्यानं हेडफोनची एक बाजू उचलली.

"काय वाजलं, भावजी?"

"बाटलीचं झाकण."

"तरी खोदा ना."

"झाकणं गोळा करायला मी काय भंगारवाला आहे, वहिनी?"

"मग मला तरी ऐकू द्या."

काका हसला, हेडफोन नीट बसवून पुढे गेला. झाकण आणि बारीक अंगठी जवळजवळ सारखीच वाजतात, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण आपल्याला फरक कळतो, ही त्याची घमेंड. "परसात अंगठी नाही," त्यानं निकाल देऊन टाकला.

पुढे अकरा वर्षं आत्या आमच्याकडे आली की पर्स मांडीवरून खाली ठेवायची नाही. आई तिच्यासमोर चोरासारखी वावरायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

आई जाऊन आता दोन वर्षं झाली. काकाचे कानही गेल्यात जमा आहेत. हेडफोनचा आवाज पूर्ण वाढवला तरी काहीतरी वाजलं एवढंच समजतं, काय वाजलं ते नाही. त्यामुळे वाजेल तिथे उकरतो. गेल्या महिन्यात आमच्या परसात, दोरीखाली, वीतभर मातीखालून अंगठी निघाली. आत्याला ती देऊन, चूक कबूल करून तो माझ्याकडे आला.

"वहिनी रागावली होती का गं माझ्यावर?"

रागावली असती तर बरं झालं असतं. "भावजींचा कान चुकायचा नाही," आई म्हणायची, "परसात नाही म्हणजे माझ्याच हातून दुसरीकडे कुठेतरी पडली असणार." स्वतःच्या आठवणीपेक्षा तिनं त्याच्या कानावर विश्वास ठेवला आणि मरेपर्यंत स्वतःला दोष देत राहिली.

काहीतरी खोटं सांगून त्याला सोडवता आलं असतं. मी खरं सांगितलं. त्याला ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा ओरडून सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायला नको होतं.