स्टॅन कुझनियारचे पहिले दहा

हॅल्पिनच्या बंबखान्यातल्या फळ्यावर नावं लिहायचा मान स्टॅन कुझनियारकडे कसा आला, हे आता कुणालाच नीट आठवत नाही. स्टॅनला विचारलं तर तो म्हणतो, "माझं अक्षर चांगलं होतं." हे साफ खोटं आहे. त्याचं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. खरं कारण एवढंच असावं की त्या दिवशी खडू त्याच्या हातात होता, आणि हातात आलेली वस्तू सोडायची सवय कुझनियार घराण्यात नाही.

हे काम म्हणजे काही साधं नव्हे. अमेरिकन फुटबॉलचा, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या खेळाचा, हंगाम संपला, की ईस्टरआधीच्या उपवासातल्या पहिल्या शुक्रवारी पोलंडहून आलेल्यांचा हा सगळा गाव बंबखान्यात मासे खायला जमतो. उपवास म्हणजे मटण बंद. तळलेल्या माशांवर बंदी कुणी घातलेली नाही, त्यामुळे एकादशी आणि दुप्पट खाशी. ताटं रिकामी झाली की स्टॅन उठतो आणि त्या हंगामातले देशातले सर्वांत चांगले दहा खेळाडू फळ्यावर लिहितो, दहाव्यापासून पहिल्यापर्यंत. वर्तमानपत्रवाले आणि टीव्हीवाले आपापल्या याद्या महिनाभर आधीच छापून मोकळे झालेले असतात. त्यांना हॅल्पिनमध्ये कुणी हिंग लावून विचारत नाही.

दिवसभर स्टॅन गावाच्या रस्त्यांवरचा बर्फ काढायचा ट्रक चालवतो. पोलादाचा कारखाना बंद पडल्यापासून त्याचं हेच पोट भरायचं साधन. बफलोच्या दक्षिणेला, तळ्याच्या काठावर राहणाऱ्या माणसाला बर्फाचं काम कधी कमी पडत नाही. मात्र रविवारी दुपारी सामना असला, की बर्फ कितीही पडो, स्टॅन बंबखान्यातल्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेला असतो, आणि त्याचं तोंड टीव्हीकडे नसतं. तो माणसांकडे तोंड करून बसतो.

कारण त्याची मोजायची रीतच न्यारी. कोण किती यार्ड पळाला, कुणी किती फेकी केल्या, हे आकडे त्याच्या लेखी कचरा. समोरच्या संघातल्या कोणत्या खेळाडूला बंबखाना कसल्या शिव्या घालतो, यावरून तो त्या खेळाडूची लायकी ठरवतो. नुसतं 'मेला' म्हटलं तर खेळाडू बरा आहे. 'मुडदा बशिवला याचा' म्हटलं तर पहिल्या वीसांत. सात पिढ्या उद्धरल्या तर दहांत नक्की. आणि सगळा बंबखाना एका तोंडाने 'याचा गुडघा मोडो' म्हणाला, की त्या बाप्याला पहिल्या तिघांतून खाली कुणी आणू शकत नाही. स्टॅन म्हणायचा, "कौतुक काय, माणूस फुकटचं करतो. शिवी आतून यावी लागते."

ही रीत गावाला माहीत असल्यामुळे लबाड्याही व्हायच्या. बंबखान्याचा प्रमुख चेस्टर ग्रुश्का मायामीच्या क्वार्टरबॅकचा, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणाऱ्या गड्याचा, इतका द्वेष करायचा, की तो वर जाऊ नये म्हणून दात आवळून गप्प बसायचा. पण त्याचे कान लाल व्हायचे. स्टॅन ते लाल कान दुप्पट धरायचा.

आता यात एक मेख होती. आपल्या बफलोच्या खेळाडूंना मापच नव्हतं. शिव्या त्यांनाही पडत, परक्यांपेक्षा जास्तच पडत. पण त्या घरच्या शिव्या. लेकराला आई मेल्या म्हणते, ती काही शिवी नव्हे. त्यामुळे इतक्या वर्षांत आपला एकही माणूस फळ्यावर पहिला आला नाही. गावाने स्टॅनला घरभेद्या म्हटलं, चर्चच्या पायऱ्यांवर टोमणे मारले, एकदा त्याच्या गाडीच्या काचेवर कुणीतरी मायामीचा झेंडा चिकटवला. स्टॅनने हूं की चूं केलं नाही. पण आपलं माणूस पहिल्या जागी लिहायला मिळावं, ही इच्छा त्याच्याइतकी गावात कुणालाच नव्हती, आणि हे फक्त त्याच्या बायकोला, लॉरेटाला, ठाऊक होतं.

आणि मग त्या वर्षी बफलोच्या संघात आर्लिस बून आला. चेंडू पोटाशी धरून पळायचं त्याचं काम. अंगाने फार मोठा नव्हता, पण त्याला पकडायला गेलेल्या माणसाच्या हाती नुसता वारा यायचा. ख्रिसमसच्या आधीच चेस्टरने सगळ्यांसमोर विषय काढला.

"स्टॅन, या वर्षी बून पहिला. काय?"

"बघू."

"बघू नाही. हो म्हण."

"मापल्याशिवाय कसं म्हणू? तुम्ही त्याच्या आरत्या ओवाळताय. आरतीवर मी कुणाला नंबर देत नाही."

"मग ऐक," चेस्टर म्हणाला. "या वर्षी बून पहिला नसेल, तर पुढच्या वर्षीपासून खडू माझा भाचा धरेल. तो आकड्यांवरून लावतो. शहाणा मुलगा आहे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. स्टॅन घरी आला आणि जेवला नाही.

"लिहून टाक की पहिला," लॉरेटा म्हणाली. "तुलाही तेच हवंय, त्यांनाही तेच हवंय."

"मला हवंय म्हणूनच भीती वाटते गं. मला तो एवढा आवडतो, की माझा माझ्यावर भरवसा राहिला नाही."

"मग त्याला शिव्या घालणाऱ्यांकडे जा. शेवटचा सामना क्लीव्हलंडला आहे ना? त्यांच्यात जाऊन बस."

स्टॅनने बायकोकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ती कधी कधी त्याला चकित करते.

लॉरेटाने चर्चच्या जुन्या कपड्यांच्या बाजारातून एक तपकिरी टोपी शोधून आणली. क्लीव्हलंडचा रंग. "गाडीत बसल्यावर घाल," ती म्हणाली. "आणि ती घालून या घरात पाऊल टाकलंस, तर मी माहेरी जाईन." तिचं माहेर शेजारच्याच गल्लीत होतं, पण धमकी ती धमकी.

तळ्याच्या कडेकडेने तीन तास गाडी हाकत स्टॅन क्लीव्हलंडला पोचला आणि तिथल्या पोलिश वस्तीतल्या एका गुत्त्यात शिरला. आत गेल्यावर त्याला धक्काच बसला. शत्रूच्या घरी सगळं काही आपल्यासारखंच होतं. तोच कोबीचा वास, बटाटा भरून लोण्यात परतलेले तेच पिरोगी, भिंतीवर तोच येशू, आणि टीव्हीचा आवाज बंद करून रेडिओवर आपल्या माणसाचं समालोचन ऐकायची तीच खोड. फक्त टोप्या तपकिरी. बफलोतल्या प्रत्येक माणसाचा कुणीतरी चुलतभाऊ इथे आणून बसवला होता जणू.

त्याला जागा मिळाली ती बर्निस नावाच्या एका म्हाताऱ्या बाईशेजारी. बाई चार फूट काहीतरी, पण तोंड म्हणजे तोफखाना. सामना सुरू झाला आणि स्टॅन थक्क होऊन ऐकत राहिला. बंबखान्यात जी शिवी अख्खा हंगाम तापवून एकदा बाहेर पडायची, ती ही बाई पाणी पिता पिता घालत होती. आमच्या क्वार्टरबॅकचं तिने वाटोळं केलं, त्याच्या रक्षकांच्या तोंडात माती घातली, प्रशिक्षकाला जिवंतपणी तिरडीवर बांधला. स्टॅनला इतका आनंद झाला, की त्याने तिला बिअर पाजली.

पण बूनच्या हातात चेंडू आला, की ती गप्प. एकदा, दोनदा, चारदा. नुसता ओठ चावायची. सगळा गुत्ताच गप्प व्हायचा. साधं 'मेला'सुद्धा कुणी म्हणेना. म्हणजे बून पहिल्या वीसांतही बसत नव्हता.

न राहवून त्याने तिला डिवचलं. "हा बून काही खास नाही, नाही का हो?"

बाईने मान वळवून त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुझे डोळे काय टोपीत ठेवलेत?"

आणि तेवढ्यात बून पडला. तिघे जण एकदम त्याच्या अंगावर आले, पाय खाली मुडपला, आणि तो गुडघा दोन्ही हातांनी धरून बर्फात आडवा झाला. गुत्त्याच्या मागच्या बाजूला कुणीतरी टाळी वाजवली. बर्निस ताडकन उठली. "कोण तो? टाळी कुणी वाजवली? बाहेर काढेन." मग ती टीव्हीकडे वळली, आणि जिने सामना सुरू झाल्यापासून एक सरळ शब्द काढला नव्हता, ती अगदी हळू म्हणाली, "ऊठ रे बाळा. ऊठ. लागलं नाही काही. ऊठ."

सगळा गुत्ता उठून उभा राहिला. क्लीव्हलंडला जिंकून पुढच्या फेरीत जायचं, तर हा माणूस उठता कामा नव्हता. बून उठला. लंगडत दोन पावलं टाकली, पाय झटकला, आणि मदतीला आलेल्या माणसांना हातानेच बाजूला सारलं. बर्निसने डोळे पुसले. पुढच्याच डावात त्याने चेंडू घेतला आणि तो जो सुटला, तो मैदानाच्या टोकाची रेघ ओलांडून टचडाउन करूनच थांबला.

"मेल्या," बर्निस किंचाळली, "उठलास कशाला!"

आणि स्टॅन रडायला लागला. टोपी तपकिरी असली, तरी ते रडणं तपकिरी नव्हतं हे बाईने लगेच ओळखलं.

"तू तिकडचा."

"हो."

"मग जिंकताय ना? रडतोस कशाला?"

स्टॅनने तिला सगळं सांगितलं, खडूपासून चेस्टरच्या भाच्यापर्यंत. बाईने शांतपणे ऐकून घेतलं आणि आपल्या ताटातला शेवटचा पिरोगी त्याच्या ताटात टाकला. "पहिला लिही. आणि त्याला कुणीतरी गुडघा शेकायला सांगा. हे बाप्ये आज बरं वाटतंय म्हणून तसेच हिंडतात."

उपवासाचा पहिला शुक्रवार आला. बंबखान्यात बसायला जागा नव्हती. लॉरेटा मासे वाढत होती. स्टॅनने दहावा लिहिला, नववा, आठवा. सातवा क्लीव्हलंडचा एक बचावपटू लिहिला, त्यावर नेहमीसारखी कुजबुज झाली. दुसरा लिहून झाल्यावर त्याने मागे वळून न पाहता पहिल्या आकड्यापुढे लिहिलं: आर्लिस बून.

गाव उठून ओरडणार, तोच चेस्टरने हात वर केला. "थांबा. आधी पुरावा. मी घाबरवलं म्हणून लिहिलं असेल, तर मला नको असला पहिला नंबर. तू क्लीव्हलंडला जाऊन बसलास म्हणे. तिथल्यांनी काय शिवी घातली?"

"शिवी नाही घातली."

"मग?"

"तो पडला ना गुडघा धरून, तेव्हा एक म्हातारी म्हणाली, ऊठ रे बाळा."

"ही कसली शिवी?" चेस्टर म्हणाला.

एवढी वर्षं स्टॅनने शिव्या तोलल्या होत्या. हे कुठल्या तराजूत घालायचं ते त्याला माहीत नव्हतं. माशांच्या टेबलामागून लॉरेटा बोलली. "चेस्टर, त्यांचे एवढे पडले इतक्या वर्षांत. आपण कधी कुणाला ऊठ म्हटलंय?"

आपण काय केलं होतं, ते प्रत्येकाला आठवत होतं. टाळ्या वाजवल्या होत्या. चेस्टर खाली बसला आणि काट्याने ताटातला मासा उगाच इकडून तिकडे सरकवत राहिला. मग घसा खाकरून म्हणाला, "स्टॅन, तो क्लीव्हलंडचा सातवा आहे ना... त्याला जरा वर घे की. पाचवा वगैरे."

स्टॅनने फळ्याकडे पाहिलं, चेस्टरकडे पाहिलं. खडू खिशात टाकला.

"नाही," तो म्हणाला. "सातवा म्हणजे सातवा."

तेव्हा कुठे गावाचा जीव भांड्यात पडला, आणि सगळ्यांनी मिळून स्टॅनला मनापासून शिव्या घातल्या.